दोन ऑफर, एक सोप्रानो: कॉन्झर्व्हेटरी की युनिव्हर्सिटी?

प्रकरण असं आहे. मुलगी अमेरिकेत वाढलेली, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात, आवाज लाइट सोप्रानो, म्हणजे स्त्रियांच्या आवाजातला सगळ्यात उंच आणि त्यातही हलका प्रकार, ऑपेराच गायचाय हे डोक्यात पक्कं, आणि मार्च संपता संपता हातात दोन ऑफर. एक मोठ्या शहरातल्या स्वतंत्र कॉन्झर्व्हेटरीची, म्हणजे मुख्यतः संगीतच शिकवणाऱ्या संस्थेची, जिचं नाव सांगितलं की गाण्यातलं काही न कळणारा माणूसही "अरे वा" म्हणतो. दुसरी तिच्याच राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या स्कूल ऑफ म्युझिकची, जिचं नाव लोकांना माहीत आहे पण फुटबॉलमुळे. १ मेच्या आत दोन्हीपैकी एकीला हो कळवायचं, म्हणजे विचाराला जेमतेम महिना. मी गायकांबरोबर पियानो वाजवायचं काम करते, हिच्या प्रीस्क्रीन रेकॉर्डिंगलाही, म्हणजे ऑडिशनला बोलावण्याआधी संस्था मागतात त्या रेकॉर्डिंगला, मीच वाजवलं होतं, आणि हिची आई माझी जुनी मैत्रीण, त्यामुळे तो अख्खा महिना जवळून बघितला. आता ती थर्ड इयरला आहे. तिची आणि आईची हरकत नाही म्हणून लिहितेय, नावं मात्र कुणाचीच देत नाही, दोन्ही संस्थांचीही नाही.

घरात दोन तट पडले होते. बाबांचं म्हणणं, एवढ्या मोठ्या ठिकाणी सिलेक्शन झालंय, तिथं नाही म्हणणारे आपण कोण. आईचं म्हणणं, गाणं नाही चाललं तर काय, युनिव्हर्सिटीत निदान दुसरं काहीतरी हाताशी राहील. मुलगी मधे. मला विचाराल तर आईबाबा भांडत होते पण दोघांनी गृहीत एकच गोष्ट धरली होती, की कॉन्झर्व्हेटरी म्हणजे खरं गाणं आणि युनिव्हर्सिटी म्हणजे पडलो तर लागू नये म्हणून खाली पसरलेली गादी. या गृहीतकातच गडबड आहे.

पहिलं म्हणजे ही दोन नावं वाटतात तेवढी वेगळी नाहीतच. ईस्टमन स्कूल १९२१ साली सुरू झालं तेच युनिव्हर्सिटी ऑफ रॉचेस्टरचा भाग म्हणून. पीबडी १८५७ची जुनी संस्था, पण १९७७पासून जॉन्स हॉपकिन्सशी जोडलेली. सिनसिनाटीत तर नावच कॉलेज-कॉन्झर्व्हेटरी आहे आणि ती युनिव्हर्सिटीच्या आत आहे. ओबर्लिनची कॉन्झर्व्हेटरी एका लिबरल आर्ट्स कॉलेजला चिकटून, तिथे पाच वर्षांत दोन्हीकडच्या दोन डिग्र्या करता येतात. उलट ब्लूमिंग्टनचं जेकब्ज स्कूल म्हणजे सरळ इंडियाना या सरकारी युनिव्हर्सिटीचं खातं, पण सोळाशेच्या आसपास विद्यार्थी आणि १९७२ साली उघडलेलं स्वतःचं ऑपेरा थिएटर, याला कमी म्हणायची कुणाची हिंमत आहे? पूर्णपणे स्वतंत्र म्हणावी अशी ज्युलियार्ड, कर्टिस, बॉस्टनची न्यू इंग्लंड, सॅन फ्रान्सिस्को अशी मोजकी नावं निघतात.

त्यामुळे मी तिला म्हटलं, पाटी बघू नकोस, डिग्रीचं नाव बघ. बॅचलर ऑफ म्युझिक (बीएम) की बॅचलर ऑफ आर्ट्स (बीए)? संगीत शाळांना मान्यता देणाऱ्या एनएएसएम या संस्थेचे निकष बघितले तर परफॉर्मन्समधल्या, म्हणजे मंचावर गाण्या-वाजवण्याच्या, बीएमला निदान ६५ टक्के कोर्सेस संगीताचे लागतात, बीएला ३० ते ४५ टक्के. १२० क्रेडिटची डिग्री धरली तर एकीकडे ७८ क्रेडिट संगीत आणि दुसरीकडे ३६ ते ५४, म्हणजे फरक खरोखरच मोठा. पण हिला युनिव्हर्सिटीने दिलेली ऑफर बीएमचीच होती! म्हणजे कागदावर दोन्हीकडे आठवड्याला एक तासाचं लेसन, स्टुडिओ क्लास, थिअरी, इअर ट्रेनिंग, पियानो, डिक्शन म्हणजे परभाषांतले उच्चार, क्वायर म्हणजे समूहगान, दर सेमिस्टरला ज्युरी म्हणजे शिक्षकांपुढे गायची परीक्षा, थर्ड इयरला छोटं रिसायटल म्हणजे एकटीचा कार्यक्रम, शेवटी मोठं. ही माहिती टेबलावर मांडली तेव्हा बाबा पहिल्यांदा गप्प झाले.

आता आवाजाचा मुद्दा, जो मला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्याबद्दल घरात कुणीच बोलत नव्हतं. व्हायोलिन वाजवणारी मुलगी पाच-सहा वर्षांची असताना सुरू करते, अठराव्या वर्षी तिचं तंत्र बरंचसं बसलेलं असतं, आणि तिला दिवसाला चार-पाच तास रियाज करायचाय, अशा मुलीला जिथे बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त वाजवता येतं अशी जागा मिळणं म्हणजे सोनंच. गायिकेचं तसं नाही ना. अठराव्या वर्षी स्वरयंत्रच अजून घडतंय, आवाज विशी संपेपर्यंत बदलत राहतो, जड आवाज तर तिशीनंतर कुठे स्थिरावतात, आज लाइट सोप्रानो म्हणून घेतलेली मुलगी सात वर्षांनी कुठल्या फाखची, म्हणजे ऑपेरातल्या कुठल्या आवाज-प्रकाराची, असेल हे शिक्षकसुद्धा छातीठोकपणे सांगत नाहीत. शिवाय पूर्ण आवाजात रोज दीड-दोन तासांपलीकडे गायचं म्हटलं तर गळा बसणार. म्हणजे कॉन्झर्व्हेटरी जो मोकळा वेळ देते तो गायकाला गाण्यात घालवताच येत नाही! तो जातो शब्द पाठ करण्यात, भाषांत, पियानोवर स्वतःचा भाग बसवण्यात, अभिनयात, आणि यातलं बरंचसं युनिव्हर्सिटीतही होतं, भाषांचं तर बहुतेक वेळा जास्त चांगलं होतं कारण तिथे इटालियन-जर्मन-फ्रेंचचे पूर्ण विभाग असतात. नुसत्या डिक्शनच्या क्लासमधे आयपीए या उच्चारलिपीची चिन्हं लावून उच्चार बरोबर येतो, पण आपण काय म्हणतोय ते कळत नाही अशी मुलं मी पियानोमागे बसून खूप ऐकली आहेत.

बाबांना पुरावा हवा होता म्हणून माहीत असलेली नावं सांगितली. जॉइस डिडोनाटो विचिटा स्टेट युनिव्हर्सिटीत म्युझिक एज्युकेशन शिकली, म्हणजे शाळेत शिकवायची तयारी, आणि मग फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ व्होकल आर्ट्समधे गेली. रेने फ्लेमिंग न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या पॉट्सडॅम कॅम्पसमधे, नंतर ईस्टमन, त्यानंतर ज्युलियार्ड. जेसी नॉर्मन हॉवर्ड युनिव्हर्सिटी, मग पीबडी, मग मिशिगन. यातून युनिव्हर्सिटीच बरी असं सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, अशा नावांच्या मागे न दिसणारे हजारो असतात. पण एक गोष्ट दिसते की गायकांचा रस्ता टप्प्याटप्प्याने जातो आणि बॅचलर्स हा त्यातला फक्त पहिला टप्पा. अठराव्या वर्षी शेवटचं स्टेशन निवडायचंय अशा थाटात घरात चर्चा चालली होती, त्याचं टेन्शन यामुळे जरा उतरलं.

मग आम्ही पाटी सोडून कामाच्या चौकशीला लागलो.

आधी शिक्षक. गायक संस्थेकडे शिकत नाही, एका माणसाकडे शिकतो, आठवड्यातून तो एक तास हाच सगळ्या डिग्रीचा गाभा. कॉन्झर्व्हेटरीत ज्या बाईंचं नाव ऐकून हिने अर्ज केला होता त्यांच्याकडे ट्रायल लेसन मागितलं. मिळालं, छान झालं, पण शेवटी त्यांनी स्वतःच सांगितलं की माझा स्टुडिओ या वर्षी भरलाय, तुला दुसऱ्या कुणाकडे टाकतील, आणि मीही माझ्या कॉन्सर्टसाठी बरेच आठवडे बाहेर असते. सांगितलं हे त्यांचं मोठेपण, सगळे सांगत नाहीत. दुसरं कोण मिळेल ते ऑगस्टमधे कळणार होतं. युनिव्हर्सिटीतल्या सरांकडे लेसन झालं तेव्हा त्यांनी हिच्याकडून तयार केलेली आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकटीने गायचं गाणं, गाऊनच घेतली नाही, पूर्ण वेळ श्वास आणि मधल्या पट्टीत पाच सुरांचे व्यायाम, वर म्हणाले की वरचे सूर तुझ्याकडे आहेत, पळून जात नाहीत, मधला भाग पोकळ आहे तो आधी भरू. बाहेर येऊन ही म्हणाली, "मावशी, बोअर झालं, पण घसा अजिबात दमला नाही." मी म्हटलं हे वाक्य लिहून ठेव.

मग रोल. हे काम तिने एकटीने केलं आणि मला तिचं फार कौतुक वाटलं. दोन्ही संस्थांच्या गेल्या काही वर्षांच्या ऑपेरांचे प्रोग्राम शोधून काढले आणि कलाकारांच्या यादीतलं कोण कुठल्या वर्षाचं ते जुळवत बसली. कॉन्झर्व्हेटरीत मोठे रोल सगळे मास्टर्स आणि आर्टिस्ट डिप्लोमा या पुढच्या कोर्सवाल्यांना, बॅचलर्सची मुलं कोरसमधे, शेवटच्या वर्षी एखाद्याला चार ओळींचा रोल. युनिव्हर्सिटीतही मोठे रोल मास्टर्स-डॉक्टरेटवाल्यांकडेच, फक्त तिथे सेकंड इयरपासून ऑपेरा वर्कशॉपमधे ऑपेरांतले छोटे छोटे प्रवेश सादर करायला मिळतात, आणि थर्ड इयरची काही नावं छोट्या रोलमधे दिसत होती. म्हणजे फार फरक नाही, दोन्हीकडे वाट बघायचीच. ज्यांना लवकर रोल हवेत त्यांनी खरं तर ग्रॅज्युएट विद्यार्थी जवळजवळ नसलेली जागा बघावी, ओबर्लिनचं नाव त्यासाठीच निघतं, पण हिने तिथे अर्जच केला नव्हता आणि एप्रिलमधे तो विषय काढून उपयोग नव्हता.

पियानिस्टचे पैसे कोण देणार हा प्रश्न अर्थात मी घुसवला! काही ठिकाणी लेसनला, ज्युरीला, रिसायटलला वाजवणारा माणूस शाळा पुरवते, काही ठिकाणी विद्यार्थ्याने आपल्या खिशातून तासावर द्यायचा, आणि ही गोष्ट फीच्या पानावर कुठेच नसते. कॉन्झर्व्हेटरीत लेसनला पियानिस्ट फुकट, हा त्यांचा प्लस पॉइंट. युनिव्हर्सिटीत अर्धा सेमिस्टर फुकट, पुढे स्वतःचं बघा.

आणि क्वायर. बहुतेक आईवडलांना वाटतं क्वायर म्हणजे हौसेचा भाग. युनिव्हर्सिटीत दर सेमिस्टरला क्वायर कंपल्सरी, आठवड्यात चार दिवस रिहर्सल, आणि काही डायरेक्टर सोप्रानोंकडून एकदम सरळ, कंप नसलेला सूर मागतात, तोही वरच्या पट्टीत, तासभर. लेसन, स्वतःचा रियाज, क्वायर, आणि पुढे ऑपेराचा कोरस असं सगळं एकाच दिवशी आलं की अठरा वर्षांचा गळा किती ताण घेणार? हिने डायरेक्टरला ईमेल करून सरळ विचारलं की दमल्यावर मार्किंग चालेल का, म्हणजे हलक्या आवाजात किंवा खालच्या सप्तकात गाऊन वेळ निभावणं. उत्तर आलं की चालेल, फक्त आधी सांगायचं. कॉन्झर्व्हेटरीत क्वायर कमी होतं, इथे त्यांचा नंबर वर.

पैशांचं लांबवत नाही. कॉन्झर्व्हेटरीने अर्धी ट्यूशन माफ केली होती, उरलेली अर्धी अधिक मोठ्या शहरातला राहायचा खर्च, म्हणजे कर्ज. युनिव्हर्सिटीत राज्यातली म्हणून कमी फी आणि वर स्कॉलरशिप, म्हणजे जवळपास कर्ज नाही. कर्टिससारख्या ठिकाणी १९२८पासून कुणालाच ट्यूशन नाही, तिथून बोलावणं आलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती, पण तिथे सगळ्या वाद्यांचे मिळून दीडशेच्या आसपासच विद्यार्थी. आणि गायकाच्या बाबतीत पहिल्या डिग्रीचं कर्ज जास्त टोचतं, कारण पुढे दोन वर्षांचं मास्टर्स जवळपास ठरलेलं, मग ऑपेरा कंपन्या तरुण गायकांसाठी चालवतात त्या यंग आर्टिस्ट प्रोग्रॅमच्या ऑडिशनी, प्रत्येक ठिकाणी अर्जाची फी, विमान, पियानिस्ट. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या लाफाँट गायन स्पर्धेचा वयोगट २० ते ३० असा आहे, म्हणजे पंचविशीत जेव्हा आवाज कुठे पिकायला लागतो नेमकं तेव्हा हातात मोकळे पैसे लागतात, आणि तेव्हाच हप्ते सुरू झालेले असतात.

तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिने युनिव्हर्सिटीला हो कळवलं. कारण विचारलं तर "सर" एवढंच म्हणाली. बाबांना पटलं होतं का? नाही. फी बघून पटवून घेतलं.

पुढे काय झालं तेही सांगते, कारण सगळं छान छान झालेलं नाही. पहिलं सेमिस्टर वाईट गेलं. सरांनी सगळ्या आरिया बंद केल्या, जुनी सोपी इटालियन गाणी आणि व्यायाम, ज्युरीत बाकीच्या मुली दणदणीत काहीतरी गातायत आणि ही आपली दीड पानाचं गाणं गातेय, फोनवर रडली सुद्धा. सकाळी आठला बायोलॉजीची लॅब, तिथून नऊला क्वायर, झोप झालेली नाही आणि आवाज उठलेला नाही. रियाजाच्या खोल्या दुपारी कधी रिकाम्या नाहीत. आणि सगळ्यात जास्त जाणवलं ते आजूबाजूचं वातावरण. डॉर्ममधल्या मैत्रिणी बिझनेस आणि नर्सिंगच्या, त्यांना शनिवारी मॅच, हिला सर्दी होऊ नये म्हणून गर्दीत जायचं नसतं, आणि हे कुणाला समजावून सांगता येत नाही. या बाबतीत कॉन्झर्व्हेटरी शंभर टक्के चांगली, तिथे सगळेच तसे वेडे असतात.

सेकंड इयरच्या शेवटी एक मोठी ज्युरी असते, ती पास झालात तरच परफॉर्मन्समधे पुढे जाता येतं. तिथपर्यंत मधला आवाज भरला होता. मी सुट्टीत तिच्याबरोबर वाजवलं तेव्हा मला बदल कळला, पूर्वी मधे पियानो दाबून वाजवावा लागायचा, आता नाही.

आणि जे कुणाच्या हिशेबातच नव्हतं ते झालं. विज्ञानाची क्रेडिट भरायची म्हणून तिने स्पीच अँड हिअरिंग सायन्सचा एक कोर्स घेतला आणि त्यातच अडकली. तिथे स्वतःच्या आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनांचा आलेख, स्क्रीनवर बघितला. सोप्रानोला सगळे शिक्षक सांगतात की वर जाताना उच्चारातला स्वर मोकळा कर, "ई"ला जरा उघड, ते का, हे तिला तिथे दिसलं. "ई"चा पहिला फॉर्मंट, म्हणजे घसा आणि तोंडाच्या पोकळीत आवाज घुमतो ती कंपनसंख्या, साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असतो, "आ"चा ८००च्या जवळपास, आणि सोप्रानोचा हाय सी सुमारे १०४७ हर्ट्झ, म्हणजे मूळ सूरच त्या सगळ्याच्या वर निघून जातो, मग "ई" "ई" राहणारच नाही, कितीही जोर लावा. तोंड उघडून तो फॉर्मंट सुराबरोबर वर नेला की आवाज आपोआप मोठा होतो. मला हे वर्षानुवर्षं कानाने माहीत होतं, आकडे तिने सांगितले. आता ती दुसरा मेजर, म्हणजे दुसरा मुख्य विषय, त्यातच करतेय. स्पीच पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे वाचा आणि आवाजाच्या त्रासांवर उपचार करणारी, व्हायचं तर पुढे मास्टर्स लागतं, ते करेल की नाही ठरलेलं नाही, पण आई ज्याला "हाताशी काहीतरी" म्हणत होती ते गाण्याच्या बाहेर नाही, गाण्याच्या आतच सापडलं. असा कोर्स त्या कॉन्झर्व्हेटरीच्या यादीत नव्हता, आम्ही नंतर बघितलं.

उलट बाजूही द्यायला हवी. हिच्याच ऑडिशनच्या फेऱ्यांत भेटलेला एक बॅरिटोन त्याच कॉन्झर्व्हेटरीत गेला, आणि त्याच्यासाठी ते बरोबरच ठरलं. त्याला स्कॉलरशिप हिच्यापेक्षा बरीच मोठी मिळाली, कारण मुलींत सोप्रानोंची रांग असते आणि खालच्या पट्टीतले पुरुष आवाज सगळ्यांना हवे असतात. थर्ड इयरलाच त्याला रोल मिळाला, मास्टर्समधे बॅरिटोन कमी पडले म्हणून. रात्री अकरालाही कॉरिडॉरमधे कुणीतरी गात असतं, रूममेट पियानोवाला, दोघं मिळून गाण्यांची पुस्तकंच्या पुस्तकं वाचून काढतात. त्याला दुसरं काही शिकायची इच्छाच नाही, मग युनिव्हर्सिटीची ती सगळी दारं उघडी असून त्याला काय उपयोग? त्यामुळे हेच प्रकरण टेनर किंवा बॅरिटोन अशा पुरुष आवाजाचं असतं तर माझा सल्ला वेगळा असता, आणि मेझोचं, म्हणजे सोप्रानोपेक्षा खालच्या स्त्री आवाजाचं, असतं तर मी आधी फक्त रोलची यादी मागितली असती.

सध्याची स्थिती अशी की या सेमिस्टरला तिला वर्कशॉपमधे ऑपेरातला एक पूर्ण प्रवेश गायला मिळालाय आणि ज्युनियर रिसायटलची तयारी सुरू आहे. पुढच्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला मास्टर्सच्या प्रीस्क्रीन रेकॉर्डिंग पाठवायच्यात आणि या वेळची यादी तिने उलटी केलीय, आधी शिक्षकांची नावं, समोर ते कुठे शिकवतात. त्यात कॉन्झर्व्हेटरी जास्त आहेत, कारण रोल मिळणारी मंडळी मास्टर्सचीच असतात हे तिने स्वतः मोजलेलं आहे. सर म्हणतात आवाजाला अजून एक-दोन वर्षं द्यावीत, मधे नोकरी कर, भाषा पक्क्या कर, मग ऑडिशन दे. आणि बाबा, ज्यांना तिला अठराव्या वर्षीच कॉन्झर्व्हेटरीत पाठवायचं होतं, ते आता सरांच्या बाजूने आहेत, म्हणतात घाई कशाला.